फळांच्या सालीचा रंग : तो विटतो कशाने आणि टिकतो कशाने



वसंतातल्या व्याख्यानमालेत रंगावर बोलावयाचे म्हटले की कोणाला चित्रकला आठवेल, कोणाला रंगपंचमी. आमचा आजचा विषय त्या मानाने अगदीच घरगुती आहे. फळ खाऊन झाले की जी साल आपण बेलाशक टाकून देतो, किंवा कोकमाच्या बाबतीत जी साल हेच मुख्य फळ समजून जपून ठेवतो, त्या सालीतील रंगाविषयी आम्ही चार शब्द सांगणार आहोत. साल वाळवून, दळून किंवा तिचा अर्क काढून त्याची पूड करता येते व त्या पुडीने सरबत, मुरंबा, जेली असे पदार्थ रंगविता येतात, ही गोष्ट आता पुष्कळांना ठाऊक आहे. पण पूड करणे हा अर्धाच उद्योग झाला. ती पूड सहा महिने, वर्षभर फडताळात राहिल्यावर तिचा रंग तोच राहतो काय, हा उरलेला अर्धा भाग होय. आणि या धंद्याचे यशापयश त्याच अर्ध्यावर अवलंबून आहे.

प्रथम हा प्रश्न उत्पन्न कसा झाला ते पाहू. १८५६ साली विल्यम हेन्री पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाने, कोयनेल तयार करण्याच्या खटाटोपात असता, डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग तयार केला. तेव्हापासून डांबरी रंगांची जी लाट आली, तिने जगातील बहुतेक वनस्पतिजन्य रंग मागे टाकले. हे रंग भडक होते म्हणून जिंकले असे सामान्यपणे समजतात. ते खरे आहे, पण पुरते खरे नव्हे. ते जिंकले त्याचे मोठे कारण असे, की आज आणलेला रंग पुढच्या वर्षीही तसाच असे, आणि एका डब्यातील रंग दुसऱ्या डब्यातील रंगाशी जुळे. व्यापाऱ्याला हवे असते ते हेच. बरे, हे सारेच रंग खाण्याजोगे असतात असेही नाही. म्हणून आपल्याकडे १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला, पुढे २००६ साली त्याची जागा अन्नसुरक्षा व मानके कायद्याने घेतली, आणि २०११ च्या नियमावलीत अवघे आठ कृत्रिम रंग, तेही ठराविक पदार्थांत व ठराविक प्रमाणातच, वापरण्यास मुभा ठेवली. तरीही २०२४ साली तामिळनाडू सरकारला ‘म्हातारीच्या केसां’वर बंदी घालावी लागली, कारण त्या मिठाईत ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगविण्याचा गुलाबी रंग सापडला. मुलांच्या हातातील खाऊची ही कथा.

असे काही वाचनात आले, की लोक साहजिकच म्हणतात, “आम्हाला नैसर्गिक रंग हवा.” मागणी रास्त आहे. परंतु तोच गृहस्थ दुकानात जाऊन दोन बाटल्या पाहतो. एकीतील कोकम सरबत लालबुंद, दुसरीतील किंचित तपकिरी. तो लालबुंद उचलतो. आता विचार करा. दुकानदाराने यावरून कोणता धडा घ्यावा? आणि ज्याने प्रामाणिकपणे नुसत्या सालीचा रंग वापरला त्याने कोणता? आमच्या सबंध भाषणाचा मथितार्थ एवढाच, की सालीचा रंग विटतो हा त्याचा अपराध नव्हे. तो लवकर विटू नये म्हणून काय करावे हे ठाऊक असून न करणे, हा करणाराचा अपराध. आणि कधीच विटणार नाही असा नैसर्गिक रंग मागणे, हा घेणाराचा अपराध. ही दुसरी मागणी म्हणजे भेसळीला पाठविलेली अक्षतच समजावी.

उदाहरणादाखल आपण कोकमच घेऊ. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, कारवार या पट्ट्यातले हे आपले स्वतःचे फळ. ताजे असताना याला रातांबा म्हणतात, गोव्याकडे भिरंड म्हणतात. चैत्र-वैशाखात ते पिकू लागते आणि मृगाचा पाऊस आला तरी झाडावर काही फळे शिल्लक असतात. ती पावसात सापडली की वाळविणे कठीण, आणि पुष्कळ माल तसाच कुजून जातो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ अशा जाती काढल्या. तरी काढणीनंतरची ही घाई संपलेली नाही. आमच्या विषयाशी या घाईचा फार जवळचा संबंध आहे, तो पुढे येईलच.

कोकमाच्या सालीत जो तांबडा रंग आहे तो अँथोसायनिन या कुळातील. जांभळाची साल, काळ्या द्राक्षाची साल, जास्वंद, तांबडा कोबी या सर्वांचे रंग याच कुळातील आहेत. रिखार्ट व्हिलश्टेटर या जर्मन रसायनज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास या रंगांचा छडा लावला. वनस्पतींतील रंगद्रव्यांवरील कामाबद्दल त्याला १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याला आढळले ते मोठे गमतीचे होते. निळ्या कॉर्नफ्लॉवरमधून आणि तांबड्या गुलाबातून त्याने रंग वेगळा केला, तेव्हा दोन्हींतून एकच द्रव्य हाती आले. द्रव्य एक, पण एका घरी ते निळे नांदते आणि दुसऱ्या घरी तांबडे. कोकमाच्या सालीतील रंगाचा गाभा, ज्याला सायनिडिन म्हणतात, तो त्या गुलाबातील रंगाचाच सख्खा भाऊ आहे. तेव्हा या कुळाचा स्वभाव आरंभीच ध्यानात ठेवावा : हा रंग आपल्या परिस्थितीप्रमाणे वागणारा आहे.

परिस्थितीतील पहिली गोष्ट म्हणजे आंबटपणा. शास्त्रज्ञ आम्लता ‘सामू’ या आकड्याने मोजतात. शुद्ध पाण्याचा सामू ७, आणि आकडा जितका लहान तितका पदार्थ अधिक आंबट. कोकमाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास, म्हणजे चांगलाच आंबट. आणि अशा आंबट घरात हा रंग लालभडक व सुखी असतो. सामू चार-पाचकडे गेला की पाण्याचा कण त्याच्या रेणूला जाऊन चिकटतो आणि रंग जवळजवळ नाहीसा होतो. आणखी पुढे गेला की जांभळट, निळसर. सोलकढी करताना आगळ नारळाच्या दुधात पडले की लाल जाऊन जांभळट गुलाबी येतो, तो केवळ लालात पांढरे मिसळल्याने नव्हे. आंबटपणा उतरल्याचाही तो परिणाम आहे. यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. कोकमाची पूड सरबताला, जेलीला, चटणीला शोभते. बर्फीला किंवा बासुंदीला तिचा उपयोग नाही. दुधात तिचा रंग मळकट होईल, आणि मग लोक म्हणतील पूड खराब. पूड खराब नसते, जागा चुकलेली असते.

आता साठवणीचा प्रश्न. येथे कोणी म्हणेल, “आमच्या आज्या-पणज्या वर्षाची आमसुले भरून ठेवीत होत्या, त्यांना हे शास्त्र कोणी शिकविले होते?” शंका योग्य आहे. रातांबा फोडून, बी व गर काढून, साल उन्हात घालावयाची. गराच्या रसात मीठ घालून त्यात ती पुन्हा बुडवावयाची, पुन्हा वाळवावयाची, अशी पुटांवर पुटे द्यावयाची. आणि मग चिनी मातीच्या बरणीत दाबून भरून वर दादरा बांधावयाचा. या कृतीला नावे ठेवण्याजोगे काही नाही. आम्लता भरपूर, मीठ भरपूर, हवा कमी. बुरशीला थारा नाही. पण ती बरणी वर्षाने उघडली म्हणजे आमसूल कोणत्या रंगाचे निघते? काळपट. आणि घरात कोणी त्याबद्दल कुरकुर करीत नाही, कारण आमटीला हवा असतो तो आंबटपणा, रंग नव्हे. आमच्या पूर्वजांनी जे टिकविले ते आंबटपण आणि स्वाद. रंग टिकविण्याची जबाबदारी त्यांनी घेतलीच नव्हती. आपण जेव्हा ‘रंगाची पूड’ म्हणून वस्तू विकावयास काढतो, तेव्हा ही नवी जबाबदारी आपण अंगावर घेत असतो. तिला जुनी बरणी पुरत नाही.

शिवाय पूड करण्यातच एक धोका आहे. एक सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा तुकडा घ्या. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याच तुकड्याचे एकदशांश मिलिमीटरचे कण केले, तर दहा लक्ष कण होतील आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग भरेल सहाशे चौरस सेंटिमीटर. वस्तू तेवढीच, पण हवेला, दमटपणाला आणि प्रकाशाला शिरण्यास शंभर पट दारे उघडली. सबंध आमसूल आपल्या घडीत रंग लपवून ठेवू शकते. पुडीला लपवावयास जागा नाही.

या पुडीच्या शत्रूंपैकी पहिला शत्रू उष्णता. कालांतराने अँथोसायनिन नाहीसे होत जाते, त्याची चाल साधारणतः ठराविक असते : ठराविक काळात असेल त्याच्या निम्मे उरते, पुढच्या तेवढ्याच काळात उरलेल्याचे निम्मे. या काळाला अर्धायुष्य म्हणतात. उष्णमान दहा अंशांनी वाढले की असल्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट, क्वचित तिप्पट होतो. समजा, एखाद्या पुडीचे अर्धायुष्य २० अंश सेल्सिअसला बारा महिने आहे. मग ३० अंशांना ते सहा महिने होईल आणि ४० अंशांना तीन महिने. आता आपला पत्र्याचा छपराचा गोडाऊन वैशाखात किती तापतो, याचा ज्याने त्याने अंदाज करावा. थंड डोंगराळ मुलुखात वर्षभर टिकलेली पूड आमच्याकडे तितकी टिकेल, असे मानणे व्यर्थ आहे. उलट, घरात स्वयंपाकाच्या ओट्याशेजारचे फडताळ सोडून आतल्या खोलीतील खालच्या खणात बाटली ठेवली, तर एक पैही खर्च न होता रंगाचे आयुष्य वाढते.

दुसरा शत्रू पाणी. आणि हा आमच्या मते सर्वांत मोठा, कारण पावसाळ्याचे चार महिने तो दाराशी बसलेला असतो. पूड सादळते म्हणजे नक्की काय होते? गुळाची चिक्की हिवाळ्यात काचेसारखी कडकन मोडते, आणि श्रावणात तीच चिक्की दाताला चिकटते. रसायनशास्त्राच्या भाषेत चिक्की ही खरोखरच एक प्रकारची काच आहे. साखरेचे कण जागच्या जागी गोठलेले असतात, पण स्फटिकासारखे रांगेत नसतात. अशा प्रत्येक पदार्थाला एक उष्णमान असते, ज्याच्या खाली तो काच असतो आणि वर गेला की मऊ, चिकट होतो. कोरड्या साखरेला ते सुमारे ६२ अंश आहे, ग्लुकोजला सुमारे ३१, आणि फळांत पुष्कळ असणाऱ्या फ्रुक्टोजला अवघे ५ अंश. त्यात पाण्याचा अंश शिरला की हे आकडे झपाट्याने आणखी खाली येतात. म्हणजे फळाच्या रसाची नुसती पूड करावयाची म्हटली, तर ती आपल्या खोलीच्या उष्णमानाला काचेच्या अवस्थेत राहतच नाही. तिची गठळी होणे ठरलेलेच.

कोकमाची अडचण त्याहून अधिक. त्याच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक नावाचे आम्ल विपुल आहे. कोकमाचा केरळातील जातभाई जी कुडमपुळी, तिच्यातील मुख्य आम्ल हेच आहे, हे १९६५ साली लुईस आणि नीलकंठन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. हे आम्ल हवेतील ओल अधाशासारखे ओढून घेते. जो आंबटपणा रंगाला लाल ठेवतो, तोच पुडीला भिजवितो. कोकमाचा मित्र आणि वैरी एकाच घरात राहतात म्हणाना. आणि एकदा पूड मऊ पडली, की आतापर्यंत जागच्या जागी जखडलेले कण हालचाल करू लागतात. रंगाचा रेणू, प्राणवायू, आम्ल यांच्या गाठी पडतात. रंग विटण्याची क्रिया जोरात चालू होते. ओल अधिक वाढली तर बुरशी. म्हणून पुडीत पाण्याचे प्रमाण शेकडा चार-पाचांच्या वर जाऊ देऊ नये. आणि नुसती बनविताना कोरडी असून भागत नाही, शेवटच्या चमच्यापर्यंत ती कोरडी राहिली पाहिजे.

यावर उपाय काय? कारखान्यात रसात किंवा अर्कात माल्टोडेक्स्ट्रिन नावाचे, पिष्टापासून केलेले द्रव्य मिसळतात, किंवा बाभळीच्या जातीचा डिंक मिसळतात, आणि मग तो अर्क गरम हवेत बारीक तुषारांच्या रूपाने उडवून क्षणार्धात वाळवितात. चांगल्या कोरड्या माल्टोडेक्स्ट्रिनचे काचेचे उष्णमान १६० अंशांच्या घरात असते. ते साखरेच्या व आम्लाच्या मऊपणाला आधार देते आणि रंगाच्या रेणूभोवती जणू कवच तयार होते. हवा दीडशे अंशांहून अधिक तापलेली असली तरी थेंबातील पाणी उडताना तो थेंब थंड राहतो, म्हणून रंग जळत नाही. युक्ती नामी आहे. परंतु तिच्यात एक तडजोड आहे ती लपवू नये. जितके माल्टोडेक्स्ट्रिन अधिक तितकी पूड टिकाऊ, आणि तितकाच तिच्यात रंग कमी. ‘शंभर टक्के कोकम’ असे डब्यावर छापून आत निम्मे पिष्टजन्य द्रव्य भरणे ही लबाडी झाली. ‘कोकमाचा अर्क आणि माल्टोडेक्स्ट्रिन’ असे सरळ छापले, तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मिठाशिवाय लोणचे टिकत नाही म्हणून आपण मिठाला भेसळ म्हणतो काय?

ज्यांच्याजवळ असली यंत्रे नाहीत, उदाहरणार्थ कोकणातील एखादा महिला बचतगट, त्यांनी काय करावे? त्यांनाही बरेच करता येते. फळ काढल्यावर ढीग करून चार दिवस ठेवू नये. साल वेगळी केल्यावर मिनिट-दोन मिनिटे वाफ द्यावी, म्हणजे सालीतील जी विकरे कापलेल्या वांग्याला काळे पाडतात तशीच येथे उपद्रव करतात, ती निकामी होतात. कडक उन्हात उघड्यावर टाकण्यापेक्षा जाळीच्या ताटांत पातळ पसरून, वारे खेळेल अशा सावलीत किंवा पन्नास-साठ अंशांच्या वाळवणी-कपाटात वाळवावे. दळण पाऊस सुरू होण्यापूर्वी, कोरड्या दिवशी, थोडे थोडे करावे. सबंध वाळलेली साल हवाबंद ठेवून लागेल तशी दळली तर उत्तमच. आणि दळल्यावर त्याच तासाला भरून मोहोर करावी. पावसाची घाई म्हणून अर्धवट वाळलेला माल भरला, की पुढचे सर्व श्रम वाया जातात.

तिसरा शत्रू प्रकाश आणि चौथा प्राणवायू. यांची जोडी पुष्कळदा एकत्र हिंडते. दुकानदाराला वाटते, सुंदर रंग आहे, काचेच्या बरणीत घालून दर्शनी ठेवावा. त्या दर्शनातच रंगाचा अंत असतो. साधी पॉलिथिनची पिशवीही फसवी आहे. पाण्याची वाफ ती बऱ्यापैकी अडविते, पण प्राणवायूला तिच्यातून जवळजवळ मोकळा रस्ता असतो. ॲल्युमिनियमचा वर्ख आतून लावलेली जाड पिशवी प्रकाश, प्राणवायू आणि ओल, तिघांनाही अडविते. तेव्हा तीच घ्यावी, आणि लहान आकाराची घ्यावी. पावकिलोची पिशवी पन्नास वेळा उघडण्यापेक्षा पाच लहान पिशव्या एकेक करून उघडणे शहाणपणाचे.

पाचवा शत्रू धातू. पूर्वी पितळेच्या पातेल्याला कल्हई असल्याखेरीज कोणी त्यात आंबट शिजवीत नसे, नाहीतर ते कळकत असे. येथे पदार्थ कळकण्याबरोबर रंगाचाही प्रश्न आहे. कोकमातील रंग लोखंडाशी व ॲल्युमिनियमशी संयोग पावून निळसर, काळपट होतो. म्हणून लोखंडी खलबत्ता, गंजका अडकित्ता, ॲल्युमिनियमचे पातेले ही या कामात वर्ज्य. येथे एक खुलासा करणे जरूर आहे. वर्खाच्या पिशवीत आतून प्लॅस्टिकचा थर असतो, पुडीचा धातूला स्पर्श होत नाही, म्हणून ती चालते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्याबाबत मोठा गैरसमज आहे. क जीवनसत्त्व हे पदार्थाला ताजे ठेवते, म्हणून कोणी ते रंगाच्या पुडीत किंवा सरबतात मुद्दाम घालतात. अँथोसायनिनच्या बाबतीत हे उलटे ठरते. प्राणवायूच्या सान्निध्यात क जीवनसत्त्व स्वतः नाश पावते, आणि त्या वेळी जी द्रव्ये उत्पन्न होतात ती रंगालाही सोबत घेऊन जातात. तसेच साखरेचा पाक फार कढविला, तर त्यात उत्पन्न होणारी द्रव्ये रंग तपकिरी होण्यास हातभार लावतात. अमृतकोकमाच्या बाटल्या कालांतराने तपकिरी दिसू लागतात त्यातील एक कारण हे आहे. चांगल्या हेतूने घातलेली प्रत्येक वस्तू चांगलाच परिणाम करते असे नाही.

आता कोणी असे समजू नये, की कोकमाला लागू पडते तेच सर्व सालींना. नागपूरच्या संत्र्याच्या सालीतील रंग कॅरोटिनॉइड कुळातील, गाजराच्या नात्यातला. त्याला आंबटपणाचे सोयरसुतक नाही. तो पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. त्याचा खरा वैरी प्राणवायू. आणि गंमत अशी, की अगदी ठणठणीत कोरड्या पुडीत प्राणवायू त्याला अधिकच सहज गाठतो. पाण्याचा अगदी पातळ थर त्याला थोडे संरक्षण देतो. म्हणजे कोकमाला जो उपाय रामबाण, तो संत्र्याला अतिरेक केल्यास बाधक. सोलापूरकडील डाळिंबाच्या सालीचे आणखी निराळे. तिच्यात तुरट टॅनिने भरपूर. तिचा पिवळा-तपकिरी रंग तुरटीबरोबर कापडाला पक्का बसतो व लोखंडाच्या योगाने काळपट होतो. रंगारी लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ही साल कोरडी ठेवली तर कोकमापेक्षा पुष्कळ सोशिक आहे. पण ती तुरट असल्याने खाद्यापेक्षा वस्त्राकडे तिचा ओढा अधिक. आणि काळ्या द्राक्षाची साल म्हणाल, तर इटलीत मद्य गाळून उरलेल्या सालींपासून ‘एनोचियानिना’ नावाचा रंग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काढीत आले आहेत. नाशिकला आज काळ्या द्राक्षांचे मद्य होते, तेव्हा तेथील चोथ्याकडे या दृष्टीने पाहण्यास हरकत नाही. तात्पर्य, प्रत्येक सालीचा स्वभाव ओळखून तिची बरणी ठरवावी.

श्रोत्यांपैकी ज्यांना आमच्या शब्दावर विसंबावयाचे नसेल, त्यांना एक प्रयोग सुचवितो. कोकमाची ताजी पूड घ्या व चार सारख्या लहान बाटल्यांत भरा. एक झाकण लावून खिडकीत उन्हात ठेवा. दुसरी झाकण न लावता फडताळात. तिसरी झाकण घट्ट लावून काळ्या कागदात गुंडाळून फडताळात. आणि चौथी तशीच गुंडाळून शीतकपाटात. मृगापासून दसऱ्यापर्यंत थांबा. मग प्रत्येकीतील चिमूटभर पूड तितक्याच पाण्यात घालून चार पेले शेजारी शेजारी ठेवा. चौथा पेला सर्वांत लाल, तिसरा त्याच्या मागोमाग; उन्हातला फिका; आणि उघड्या बाटलीतील पूड बहुधा पेल्यात घालण्यापूर्वी खरवडूनच काढावी लागेल. मात्र शीतकपाटातील बाटली बाहेर काढल्याबरोबर उघडू नका. ती खोलीइतकी होऊ द्या, नाहीतर हवेतील वाफ थंड पुडीवर दव होऊन बसते आणि केलेले सर्व फुकट जाते.

दुसरी एक परीक्षा बाजारातल्या सरबताची. थोडे सरबत पाण्यात पातळ करून त्यात चिमूट-चिमूट खाण्याचा सोडा घाला. कोकमाचा अस्सल रंग लालपणा सोडून जांभळट, निळसर, मळकट हिरव्याकडे झुकेल. सोडा फसफसणे थांबल्यानंतरही रंग होता तसा लालच राहिला, तर त्यात दुसरे काही आहे असा संशय घ्यावा. संशयच म्हणावयाचा, निकाल नव्हे. कारण बीटाचा रंगही खाण्याच्या सोड्याला सहजासहजी बधत नाही, आणि बीट काही विष नव्हे. पक्का निकाल प्रयोगशाळाच देऊ शकते. पण डोळस ग्राहकाला एवढी परीक्षाही पुष्कळ शिकविते.

बंधुभगिनींनो, शेवटी पुन्हा त्या दोन बाटल्यांकडे वळू. एक लालबुंद, एक किंचित तपकिरी. आम्ही असे म्हणत नाही, की तपकिरी ती अस्सल आणि लाल ती नकली. निष्काळजीपणाने ठेवलेला मालही तपकिरी होतो, आणि काळजीने ठेवलेला ताजा माल खरोखरच लाल असतो. म्हणून रंग पाहण्यापूर्वी तारीख पाहावी, घटक वाचावेत, आणि ती वस्तू दुकानात उन्हात ठेवली होती की सावलीत हे पाहावे. करणाराने डब्यावर केव्हा केली, केव्हापर्यंत वापरावी, कोठे ठेवावी, हे न चुकता लिहावे. आणि मुदत ठरविताना हवेशीर कार्यालयातील उष्णमान धरू नये, आपल्या वैशाखाचे आणि आपल्या श्रावणाचे धरावे. आणि घेणाराने, वर्षअखेरीस रंग थोडा उतरला तर तो परत करावयास धावू नये.

फुलाचा रंग संध्याकाळी उतरतो म्हणून आपण फुलाला खोटे म्हणत नाही. सालीच्या रंगाला आपण शास्त्राच्या साह्याने संध्याकाळपासून वर्षापर्यंत नेऊ शकतो, ही काही थोडी मजल नव्हे. पण त्याला अमरत्व द्या असा हट्ट धरला, तर ते देणारे लोक बाजारात तयारच असतात, आणि त्यांच्याजवळ साल नसते, डांबर असते. कोकणातल्या ज्या घरी आज रातांब्याची टोपली उतरते आहे त्या घराला न्याय मिळावयाचा असेल, तर तेथे वाळवण नीट झाले पाहिजे आणि येथे शहरात आपली नजर नीट झाली पाहिजे. पहिले काम त्यांचे, दुसरे आपले.